'वजन ६५ टक्क्यांनी कमी झालं': एका वाक्याची उलटतपासणी

वाहनांच्या हलक्या सांगाड्यांवर संशोधन करायचं ठरवलंत, की पहिल्या आठवड्यातच एका ठरावीक साच्याच्या पेपरशी तुमची गाठ पडते. शीर्षकात 'डिझाइन अँड अॅनालिसिस', पुढे एखाद्या ट्रकचं किंवा बसचं मॉडेल, आणि शेवटी 'युझिंग कॉम्पोझिट मटेरियल'. आत सहा-सात पानं. चॅसीचं थ्रीडी चित्र, त्यावर निळ्यापासून लालपर्यंतचे रंगीत पट्टे, एक तक्ता आणि निष्कर्ष: पोलादाच्या जागी अॅल्युमिनियम घेतलं तर वजन ६५ टक्क्यांनी कमी होतं, कार्बन-इपॉक्सी घेतलं तर ८० टक्क्यांनी. ताण मर्यादेत आहे, म्हणून डिझाइन सुरक्षित आहे.

आजची पोस्ट या साच्यावरची टीका आहे. कुठल्या एका लेखकावर किंवा कॉलेजवर नाही. असे पेपर का लिहिले जातात हे आपल्याला ठाऊक आहे: लॅब नाही, सॉफ्टवेअर आहे, आणि प्रकाशनाची अट पुरी करायची आहे. पण हे पेपर तिथेच थांबत नाहीत. ते तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये येतात, तिथून सिनॉप्सिसमध्ये, आणि 'रिसर्च गॅप' म्हणून तुमच्या पुढच्या चार-पाच वर्षांवर बसतात. शिवाय ज्या सांगाड्याबद्दल आपण बोलतोय त्याच्या आत माणसं बसलेली असतात.

आधीच सांगून ठेवते: मी एम.एस्सी. फिजिक्स करून या विषयात आले आणि माझं काम अॅल्युमिनियमच्या वेल्डजवळ पडणाऱ्या भेगांवर आहे. त्यामुळे माझी नजर थोडी वाकडी आहे. माझे मुद्दे पटतात का ते स्वतः आकडेमोड करून बघा. सगळी आकडेमोड कागद-पेन्सिलीची आहे.

निकाल तक्त्यातच होता

पोलादाची घनता घनसेंटिमीटरला साधारण ७.८५ ग्रॅम, अॅल्युमिनियमची २.७, कार्बन-इपॉक्सीची साधारण १.६. आता २.७ ला ७.८५ ने भागा. उत्तर ०.३४. म्हणजे वजनातली घट ६५-६६ टक्के. १.६ ला ७.८५ ने भागा: ०.२०, घट ८० टक्के.

झालं. पेपरचा निष्कर्ष आला. त्यासाठी मेश लागली नाही, सॉफ्टवेअरचं लायसन्स लागलं नाही. आकार तोच ठेवला आणि फक्त मटेरियल बदललं, तर वजनाचं प्रमाण घनतेच्या प्रमाणाइतकंच येणार. हा निकाल नव्हे, ही व्याख्याच आहे.

'पण ताण मर्यादेत आला ना?' इथे दुसरी गंमत आहे. सगळा सांगाडा एकाच मटेरियलचा असेल, भार तोच असेल आणि वागणूक रेषीय असेल, तर ताण यंग्ज मॉड्युलसवर जवळजवळ अवलंबून नसतो. भार आणि आकार तोच, म्हणून ताणही तोच. पोलादात १२० मेगापास्कल आला तर अॅल्युमिनियममध्येही १२० च्या आसपासच येणार. बऱ्याच पेपरांच्या तक्त्यांत हे दोन आकडे दशांशापर्यंत जुळतात आणि लेखक त्याला 'समाधानकारक कामगिरी' म्हणतात.

मग बदललं काय? वाक. अॅल्युमिनियमचा मॉड्युलस साधारण ७० गिगापास्कल, पोलादाचा २१०. म्हणून वाक तिप्पट. हा आकडा तक्त्यात असतो, निष्कर्षात नसतो. वाहनाच्या सांगाड्यात बहुतेक वेळा हाच आकडा निर्णायक असतो, कारण सांगाडा तुटण्याच्या कितीतरी आधी दारं नीट लागेनाशी होतात, काचा आवाज करू लागतात, स्टिअरिंगचा अंदाज बिघडतो.

कार्बन-इपॉक्सीचं तर विचारूच नका. धाग्यांच्या दिशेत त्याचा मॉड्युलस १३५ गिगापास्कलच्या आसपास, आडव्या दिशेत १० च्या आसपास. साच्यातले पेपर यातला एकच आकडा उचलतात आणि सगळ्या दिशांना लावतात. लाकूड सगळीकडून सारखंच मजबूत असतं असं धरण्यासारखं आहे हे. सुताराला विचारा.

एकाच धातूची चार उत्तरं

मग अॅल्युमिनियम घेऊन वजन खरंच किती कमी होतं? तुम्ही प्रश्न कोणता विचारता त्यावर ते आहे. ताठपणा पोलादाइतकाच हवा अशी अट घालू आणि चार भाग बघू.

पहिला भाग: नुसता ओढला जाणारा दांडा. ताठपणा सारखा हवा तर क्षेत्रफळ तिप्पट करावं लागतं. वजन होतं ३ गुणिले ०.३४, म्हणजे १.०३. काहीच वाचलं नाही, उलट तीन टक्क्यांनी वाढलं. इथे मॉड्युलस भागिले घनता हा निर्देशांक लागू होतो, आणि पोलाद, अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, टायटॅनियम या चौघांसाठी तो जवळजवळ सारखाच आहे. निसर्गाने इथे कुणाला झुकतं माप दिलेलं नाही.

दुसरा भाग: भरीव चौकोनी तुळई, वाकवली जाणारी. तिची उंची आणि रुंदी दोन्ही वाढवायची मुभा आहे. आता क्षेत्रफळ फक्त १.७३ पट लागतं (३ चं वर्गमूळ). वजन ०.६०. म्हणजे घट ४० टक्के.

तिसरा भाग: सपाट पत्रा, उदाहरणार्थ छप्पर किंवा बॉनेट. जाडी १.४४ पट (३ चं घनमूळ) केली की पुरतं. वजन ०.५०. घट ५० टक्के.

चौथा भाग: पातळ भिंतींची पोकळ तुळई, जिची बाहेरची मापं वाढवता येत नाहीत कारण वर दार आहे आणि खाली रस्ता आहे. आता फक्त भिंतीची जाडी वाढवता येते आणि ती तिप्पट लागते. वजन पुन्हा १.०३. घट शून्य.

धातू एक, अट एक, उत्तरं चार. म्हणून 'अॅल्युमिनियमने वजन किती कमी होतं?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कुठल्या भागात, कुठल्या भाराखाली, कुठली मापं मोकळी ठेवून?' एवढं विचारल्याशिवाय टक्क्यांना अर्थ नाही.

याच ओघात एक गोष्ट बघा, ती साच्यातल्या पेपरात कधीच नसते. ५० मिलिमीटर त्रिज्येची, ३ मिलिमीटर जाडीची गोल नळी घ्या आणि लांबीभर एक चीर द्या. वजन तेवढंच, धातू तोच. पण पिळाविरुद्धचा ताठपणा आठशे पटींहून जास्त घसरतो (बंद आणि उघड्या नळीचं गुणोत्तर ३ गुणिले त्रिज्या-भागिले-जाडीचा वर्ग, इथे ८३३). मटेरियल बदलून तुम्हाला तीन पटींचा खेळ खेळता येतो, आकार बदलून शेकडो पटींचा. तरीही आपले पेपर मटेरियलच्या यादीतून एकेक नाव घालून बघतात आणि आकाराला हात लावत नाहीत.

मग रेल्वेचे डबे अॅल्युमिनियमचे का बनतात?

रेल्वेच्या डब्याची बाहेरची मापं मार्गाच्या मोजमापाने बांधलेली असतात. बोगदे, फलाट, शेजारचा रूळ. म्हणजे संपूर्ण डबा एक तुळई धरली तर ती आपल्या चौथ्या प्रकारात बसते आणि अॅल्युमिनियमचा फायदा शून्य यायला हवा. तरीही शिनकानसेनपासून पुणे मेट्रोपर्यंत डबे अॅल्युमिनियमचे आहेत. सिद्धांत चुकला का?

नाही. संपूर्ण डब्याचा ताठपणा हीच एकमेव अट नसते. पोलादी डब्याचा पत्रा एका मर्यादेपलीकडे पातळ करता येत नाही. तो दाबाखाली सुरकुततो, वेल्ड करताना वाकडातिकडा होतो, गंजासाठी थोडी जाडी राखावी लागते. म्हणजे पत्र्याची जाडी पुष्कळ ठिकाणी स्थानिक कारणांनी ठरते आणि तिथे आपला तिसरा प्रकार लागू होतो. शिवाय अॅल्युमिनियम साच्यातून दाबून डब्याच्या लांबीच्या पोकळ पट्ट्या काढता येतात. दोन कातड्यांमध्ये तिरप्या फासळ्या असलेल्या अशा पट्ट्या लांबीच्या दिशेने यंत्राने जोडल्या की भिंत तयार होते, वेगळे उभे खांब फारसे लागत नाहीत. मजुरी वाचते, तुकडे कमी होतात.

म्हणजे फायदा खरा आहे, पण त्याचं कारण 'अॅल्युमिनियम हलकं असतं' एवढं सोपं नाही. कारण कळलं नाही, तर तो फायदा दुसऱ्या वाहनात येईल की नाही हे तुम्हाला सांगता येणार नाही. संशोधकाचं काम नेमकं तेच असतं.

भार कोणी ठरवला?

साच्यातला पेपर चॅसीवर एकच भार टाकतो: वरून खाली, सगळीकडे सारखा, स्थिर. दोन टोकं घट्ट धरलेली. खरा ट्रक असा कधी उभा असतो? एक चाक खड्ड्यात आणि समोरचं कडेच्या मातीवर, ही आपल्या रस्त्यांवरची रोजची अवस्था. तेव्हा चॅसीला पीळ पडतो. ट्रकची शिडीसारखी चॅसी उघड्या चॅनलची ठेवण्यामागे हेही कारण आहे: तिने थोडं पिळून चारही चाकं जमिनीवर राहू द्यावीत. तिथे ताठपणा वाढवला म्हणजे सुधारणा झाली असं आपोआप म्हणता येत नाही. कारच्या बॉडीत मात्र पिळाविरुद्धचा ताठपणा हवाच असतो. वाहन बदललं की 'चांगलं' या शब्दाचा अर्थच बदलतो.

रेल्वेत भार मानकातून येतात. युरोपच्या ईएन १२६६३ मानकात प्रवासी डब्यांचे वर्ग आहेत. टोकाकडून येणाऱ्या दाबासाठी डब्याला २००० किलोन्यूटन, जोडून ठेवलेल्या संचाला १५००, मेट्रोला ८००, ट्रामला २००. अमेरिकेत पूर्वापार ८ लाख पौंड, म्हणजे साधारण ३५६० किलोन्यूटन मागितले जात. २०१८ मध्ये तिथल्या नियमांत टक्करीची ऊर्जा शोषण्यावर आधारलेला पर्यायी मार्ग अधिकृतपणे आला. आता सांगा, अमेरिकेतला डबा युरोपातल्यापेक्षा जड होता तर दोष कुणाचा? तिथल्या अभियंत्यांना हलकं डिझाइन येत नव्हतं असं नाही. नियमाने प्रश्नच वेगळा विचारला होता. दोन देशांच्या डब्यांची वजनं शेजारी मांडून 'आमचा डबा हलका' म्हणणारा पेपर दिसला, तर आधी दोन्हीकडची मानकं शोधा.

मुंबईच्या लोकलचं घ्या. रेल्वेच्या भाषेत तिथल्या गर्दीला 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात: एका चौरस मीटरवर १४ ते १६ माणसं उभी. माणशी ६५ किलो धरले तर १४ माणसांचे ९१० किलो. परदेशी पेपरातून चौरस मीटरला ४ माणसं हा आकडा उचललात तर होतात २६०. म्हणजे तुमच्या डब्याच्या फरशीवर खऱ्या भाराच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भार आहे, आणि त्यावर तुम्ही वजन 'ऑप्टिमाइझ' करणार. सॉफ्टवेअर विरोध करत नाही. सायंकाळी सहाची दादरची गर्दी करते.

सांगाडा जोडावर उभा असतो

हा माझ्या जवळचा विषय, म्हणून इथे जरा जास्त बोलते.

साच्यातल्या मॉडेलमध्ये वेल्ड नसतो. सगळा सांगाडा एकसंध, जणू एका ठोकळ्यातून कोरून काढलेला. खऱ्या सांगाड्यात भेग बहुतेक वेळा जोडापाशी सुरू होते. ६००० मालिकेचं अॅल्युमिनियम उष्णतेच्या प्रक्रियेने मजबूत केलेलं असतं. वेल्डची उष्णता ती मजबुती आजूबाजूच्या पट्ट्यात घालवते, जवळजवळ निम्म्यावर आणते. तक्त्यातला आकडा मूळ धातूचा असतो, भेग पडते या पट्ट्यात.

पोलादातही सुटका नाही. 'जास्त मजबूत पोलाद घ्या, पत्रा पातळ करा' हा लोकप्रिय उपाय. पण वेल्डचं फटीग आयुष्य मूळ पोलादाच्या मजबुतीवर जवळजवळ अवलंबून नसतं; ते ताणाच्या चढउतारावर आणि जोडाच्या आकारावर ठरतं. वेल्डसाठी आयुष्य साधारणपणे ताणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतं. पत्रा २० टक्क्यांनी पातळ करा: ओढीचा ताण १.२५ पट, १.२५ चा घन १.९५, म्हणजे आयुष्य निम्मं. वजन २० टक्के वाचवलं आणि अर्धं आयुष्य दिलं. हा व्यवहार कधी परवडेलही, पण पेपरात पहिलाच अर्धा आकडा छापलेला असतो.

याची खरी उदाहरणं आहेत. मे २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये हिताचीने बनवलेल्या ८०० मालिकेच्या अॅल्युमिनियमच्या गाड्या भेगा सापडल्यामुळे अचानक थांबवाव्या लागल्या. कुणाला इजा झाली नाही, पण लांब पल्ल्याची वाहतूक विस्कळीत झाली. तिथल्या रेल्वे नियामकाच्या एप्रिल २०२२ च्या अहवालात दोन वेगळी कारणं दिली आहेत. यॉ डॅम्परच्या ब्रॅकेटजवळच्या भेगा फटीगच्या होत्या: धावताना येणारे भार डिझाइनच्या वेळी धरलेल्या भारांपेक्षा जास्त निघाले. डबा उचलण्याच्या जागेजवळच्या भेगा मात्र ताण आणि गंज यांच्या एकत्रित कामाच्या होत्या, आणि त्या ७००० मालिकेच्या मिश्रधातूत होत्या, ज्याला या दुखण्याची सवय आहे. लक्षात घ्या, या गाड्या अनुभवी कंपनीने, मानक पाळून बनवल्या होत्या. डब्याच्या एकूण वजनात किंवा ताठपणात काही खोट नव्हती. प्रश्न उपटला एका ब्रॅकेटपाशी.

दुसरं उदाहरण जास्त दुःखद आहे. ५ ऑक्टोबर १९९९ रोजी लंडनमध्ये लॅडब्रोक ग्रोव्ह इथे दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर होऊन ३१ माणसं गेली. अपघाताचं कारण लाल सिग्नल ओलांडणं हे होतं, सांगाडा नव्हे. पण चौकशीत अॅल्युमिनियमच्या डब्याचे पट्टे वेल्डच्या कडेने उसवल्यासारखे फाटले हेही समोर आलं आणि पुढे 'अलजॉइन' नावाचा युरोपीय प्रकल्प याच जोडांवर झाला. उपायातला एक भाग ऐकायला किती साधा आहे बघा: पट्टी साच्यातून काढतानाच वेल्डच्या कडेला ती थोडी जाड ठेवा, म्हणजे कमजोर झालेली जागा आधी फाटणार नाही. म्हणजे वजन थोडं वाढवा. हलक्या सांगाड्याच्या विषयातली एक महत्त्वाची सुधारणा वजन वाढवणारी आहे.

उलट बाजूनेही जोडच बोलतो. अमेरिकेतल्या बड कंपनीची १९३४ ची 'झेफर' ही स्टेनलेस स्टीलची हलकी गाडी प्रसिद्ध आहे. स्टेनलेस स्टील तोपर्यंत माहीत होतंच. अडचण ही होती की नेहमीच्या वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचा गंजरोधक गुण बिघडायचा. बडने क्षणभरच प्रवाह देणारी 'शॉटवेल्ड' पद्धत काढली आणि मग ती गाडी शक्य झाली. धातू सगळ्यांकडे होता, जोड त्यांच्याकडे होता.

श्रेय कुणाचं, हिशोब कशाचा?

पहिल्या शिनकानसेनची, म्हणजे ० मालिकेची १६ डब्यांची गाडी सुमारे ९७० टनांची. १९९२ मध्ये आलेली ३०० मालिकेची गाडी तेवढ्याच डब्यांची, सुमारे ७१० टनांची. 'अॅल्युमिनियममुळे २६० टन वाचले' असं वाक्य लिहायचा मोह होईल. लिहू नका. त्याच बदलात डीसी मोटरी जाऊन हलक्या एसी इंडक्शन मोटरी आल्या, बोगीतून बोल्स्टर गेला, सगळे डबे मोटरचे असण्याऐवजी १६ पैकी १० च राहिले. बॉडीचा वाटा यातला एक आहे. शिवाय हा खटाटोप मुख्यतः विजेच्या बिलासाठी नव्हता. ताशी २७० किलोमीटरने धावताना जमिनीला बसणारे हादरे आणि आवाज मर्यादेत ठेवायचे होते, कारण रुळांच्या कडेला वस्ती होती.

फोर्डचा २०१५ चा एफ-१५० पिकअप हे असंच लाडकं उदाहरण. ७०० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३१८ किलो घट. बॉडी अॅल्युमिनियमची झाली हे खरं. पण भार वाहणारी खालची फ्रेम पोलादाचीच राहिली, फक्त जास्त मजबूत पोलादाची. 'ट्रकची चॅसी अॅल्युमिनियमची करावी' याला पुरावा म्हणून हा पिकअप दाखवणारा पेपर दिसला तर हसून पुढे जा.

आणि वाचवलेल्या वजनाचं शेवटी होतं काय? मेट्रो दर किलोमीटरला थांबते आणि सुटते, तिथे वजन कमी झालं की ऊर्जा वाचते. मात्र ब्रेक लावताना वीज परत मिळत असेल तर फायदा तेवढा उरत नाही. अतिवेगवान गाडीत हवेचा विरोध वरचढ. मालगाडीची वाघीण मात्र वेगळीच. तिथे आसावर किती भार चालतो हे ठरलेलं असतं, त्यामुळे वाघीण जितकी हलकी तितका माल जास्त. ऑक्टोबर २०२२ मध्ये हिंदाल्कोच्या सहभागाने आपल्याकडे अॅल्युमिनियमच्या वाघिणींचा पहिला रेक आला, तेव्हा पूर्ण रेक १८० टनांनी हलका असल्याचं सांगितलं गेलं. साधारण साठ वाघिणी धरल्या तर वाघिणीमागे ३ टन. हा आकडा पटण्यासारखा आहे, आणि त्याचा फायदा थेट भाड्यात दिसतो. दुसऱ्या बाजूला, खनिजापासून अॅल्युमिनियम बनवताना किलोमागे पोलादाच्या कितीतरी पट उत्सर्जन होतं आणि आपल्याकडे ती वीज मुख्यतः कोळशाची. 'पर्यावरणपूरक' हा शब्द लिहिण्याआधी हा हिशोब मांडावाच लागेल.

चांगलं काम कसं दिसतं

नुसती टीका करून जाणं सोपं. म्हणून एक उदाहरण, जे मला आवडतं आणि ज्यावर शंकाही घेता येते.

१९९८ मध्ये 'उलसॅब' प्रकल्पाचे निकाल आले. जगभरच्या ३५ पोलाद कंपन्यांनी पोर्शच्या अभियांत्रिकी विभागाकडून कारची हलकी पोलादी बॉडी बनवून घेतली. वजन २०३ किलो, तुलनेच्या गाड्यांच्या २७१ किलो सरासरीपेक्षा २५ टक्के कमी. पण ते इथे थांबले नाहीत. पिळाविरुद्धचा ताठपणा अंशाला २०,८०० न्यूटन-मीटर, पहिली वारंवारता ६० हर्ट्झ, खर्चाचा अंदाज, टक्करीचं विश्लेषण आणि प्रत्यक्ष बनवलेल्या बॉड्या. २५ टक्के हा आकडा साच्यातल्या ६५ पुढे किरकोळ वाटतो. पण त्याच्या मागे उभं राहायला इतर आकडे आहेत.

शंका कुठे घ्यायची? पैसा पोलाद कंपन्यांचा होता. अॅल्युमिनियमला उत्तर देणं हा उद्देश होताच. आणि तुलनेची सरासरी कुठल्या गाड्यांची घेतली यावर टक्केवारी हलते. तरीही हे काम तपासता येतं, खोडून काढता येतं. संशोधन म्हणून त्याचं मोल तेवढ्यासाठी आहे.

कारच्या बॉड्यांसाठी एक सोयीचं माप वापरतात: बॉडीचं वजन भागिले पिळाविरुद्धचा ताठपणा गुणिले चाकांच्या मधलं क्षेत्रफळ. आकडा जितका लहान तितकी बॉडी चांगली. वजन एकटं पुढे येऊन फुशारकी मारू शकत नाही, हा त्याचा गुण. जोड आणि फटीग त्यात कुठेच नाहीत, हा त्याचा दोष.

सिनॉप्सिस लिहिताना

तुम्ही जर या विषयात येत असाल, तर प्रत्येक पेपरच्या समासात हे पाच प्रश्न लिहा:

१. टक्के कशाचे? एका भागाचे, बॉडीचे की पूर्ण वाहनाचे?
२. काय स्थिर ठेवलं? आकार, ताठपणा, मजबुती की आयुष्य?
३. भार कुठून आले? मानकातून, मोजमापातून की सोयीतून?
४. जोड मॉडेलमध्ये आहेत का?
५. वाचलेल्या वजनाचं पुढे काय होतं, आणि त्याची किंमत कोण देतं?

बहुतेक पेपर दुसऱ्या प्रश्नालाच अडखळतील. निराश होऊ नका. ते जिथे अडखळतात तिथेच तुमची 'रिसर्च गॅप' असते, आणि ती 'या चॅसीवर अजून केव्हलार वापरून पाहिलेलं नाही' यापेक्षा कितीतरी खरी असते. एका जोडावर, एका खऱ्या भारावर, मोजून केलेलं काम छोटं दिसेल. व्हायवामध्ये ते टिकेल. आणि पुढे कधीतरी कुणी ते वाचून ब्रॅकेट थोडा जाड ठेवला, तर गर्दीच्या डब्यात उभ्या असलेल्या माणसाला ते कळणारही नाही. कळायची गरजही नाही.

तुमच्या यादीतला एखादा पेपर या पाच प्रश्नांवर तपासून बघा आणि अडलात तर कळवा. पुढच्या पोस्टमध्ये वेल्डचा फटीग आलेख कसा वाचायचा ते बघू. लॉग पेपर जवळ ठेवा.